डॉक्टर थिओडोर कोखर व त्यांचा चिमटा

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधुभगिनींना केव्हा ना केव्हा इस्पितळाची पायरी चढावी लागली आहे. कोणाला आंतड्याच्या दुखण्याने नेले, कोणाला बाळंतपणाच्या अडचणीने, कोणाला मळणीच्या यंत्रात हात सापडून. शस्त्रक्रियेच्या खोलीत परिचारिका तबकात जी हत्यारे मांडून ठेवते ती ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल की, त्यांत सुऱ्या फार थोड्या असतात. चिमटेच पुष्कळ असतात. हे चिमटे स्वयंपाकघरातील चिमट्यासारखे नव्हेत. त्यांना कात्रीप्रमाणे बोटे घालावयास दोन कड्या असतात आणि मध्ये खीळ असते. परंतु पुढे पात्यांच्या जागी बोथट चोच असते. कड्यांपाशी बारीक खाचांचा खटका असतो. चिमटा दाबला की खाचा एकमेकींत अडकतात, आणि हात काढून घेतला तरी चिमटा आपली पकड सोडीत नाही.

या चिमट्यांत एक जात अशी आहे की तिच्या चोचीच्या टोकाला दात असतात. एका बाजूस एक, दुसऱ्या बाजूस दोन. चिमटा मिटला म्हणजे तो एक दात त्या दोहोंच्या मध्ये जाऊन बसतो. चोचीच्या आतल्या अंगास आडव्या रेघा कोरलेल्या असतात, त्यामुळे ओला, निसरडा व चिवट भागही निसटून जात नाही. या चिमट्याला ज्या गृहस्थाचे नाव पडले आहे तो स्वित्झर्लंड देशातील शस्त्रवैद्य थिओडोर कोखर होय. आपल्याकडील इस्पितळांत त्या नावाचा उच्चार इंग्रजी वळणाने होतो, आणि डॉक्टर हात पुढे करून नुसते ‘कॉकर’ मागतात. हे एका माणसाचे नाव आहे हे मागणाऱ्याच्याही ध्यानात त्या वेळी नसते.

थिओडोरचा जन्म बर्न शहरी २५ ऑगस्ट १८४१ रोजी झाला. वडील रस्ते व पाण्याची कामे पाहणारे इंजिनियर होते. आई मोरेव्हियन मंडळीची. ही तीच मंडळी, जिने १७३२ पासून दूरदूरच्या बेटांवर सुवार्तिक धाडले आणि जिचे कार्य आपल्या देशात लदाखातील लेह गावापर्यंत पोहोचले. त्या घरी प्रार्थना, काटकसर व वेळेचा हिशेब ही तिन्ही लहानपणापासून अंगी बाणवली जात. ती थिओडोरच्या अंगी जन्मभर राहिली. त्याने आपल्या यशाचे तसेच अपयशाचे खातेही देवापुढे मांडावे, अशी त्याची वृत्ती होती. या दुसऱ्या खात्याचा प्रसंग पुढे येणारच आहे.

बर्न येथेच त्याने वैद्यकाचा अभ्यास करून पदवी घेतली, आणि मग तो त्या काळच्या मोठमोठ्या शस्त्रवैद्यांचे काम पाहावयास निघाला. झुरिक येथे बिलरोथ, बर्लिन येथे लांगेनबेक, लंडन येथे स्पेन्सर वेल्स, असे एकाहून एक निष्णात हात त्याने पाहिले. परत आल्यावर तो बर्नच्या इस्पितळात लूके नामक प्राध्यापकाचा मदतनीस झाला. १८६९ साली मारी विची हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांना तीन पुत्र झाले, आणि त्यांतील वडील आल्बर्ट पुढे शस्त्रवैद्य होऊन बापाच्या हाताखाली वागू लागला. १८७२ साली लूके दुसऱ्या विद्यापीठात गेले व त्यांची जागा रिकामी झाली. अध्यापकमंडळाच्या मनात एका परदेशी विद्वानास आणावे असे होते. परंतु विद्यार्थ्यांनी व गावच्या डॉक्टरांनी आपल्या माणसासाठी आग्रह धरला, आणि सरकारने कोखरांस नेमले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. ती जागा त्यांनी पुढे पंचेचाळीस वर्षे सांभाळली. बाहेरच्या नामांकित विद्यापीठांची बोलावणी आली, ती त्यांनी नाकारली.

आता त्या काळी शस्त्रक्रियेची स्थिती काय होती ते थोडे सांगितले पाहिजे. रोग्याला बेशुद्ध करण्याची युक्ती १८४६ साली सापडली होती, म्हणून वेदनेचे भय कमी झाले होते. १८६७ साली लिस्टर यांनी कार्बोलिकचा उपयोग प्रसिद्ध केला, म्हणून जखम कुजण्याचे भयही हळूहळू हटत होते. राहिले रक्त. मोठी रक्तवाहिनी कापली गेली की तिची चिळकांडी उडते. मदतनीसाने बोटाने दाबून धरावे, शस्त्रवैद्याने दोऱ्याने बांधावे, तोवर दुसरी सुटावी. माणसाला हात दोनच. पॅरिसचे पेआन, स्ट्रासबुर्गचे कोबेर्ले व लंडनचे स्पेन्सर वेल्स यांनी खटक्याचे चिमटे प्रचारात आणले. त्यांत पहिला कोण, याविषयी पेआन व कोबेर्ले यांच्यात पुष्कळ वाद झाला, त्यात आपण पडावयास नको. लाभ मात्र उघड होता. एकेका रक्तवाहिनीला एकेक चिमटा लावून तो तसाच लोंबत ठेवावा, दहा लागले तर दहा, वीस लागले तर वीस. मग जखम कोरडी झाल्यावर एकेक वाहिनी सावकाश बांधून चिमटा काढून घ्यावा. कोखरांनी या चिमट्याच्या टोकाला दात दिले. घट्ट व निसरड्या भागातून जी वाहिनी मागे सरकून दडू पाहते, तिला त्या भागासकट धरून ठेवण्यास तो उपयोगी पडला.

ही हत्यारे एका रोग्यावर वापरून फेकून देण्याची नव्हेत. तोच चिमटा शेकडो रोग्यांच्या अंगात जातो व बाहेर येतो, म्हणून त्याची शुद्धी ही चिमट्याच्या पकडीइतकीच महत्त्वाची असते. रक्त वाळण्यापूर्वी ते पाण्याने काढावे, खीळ व दातांच्या फटी कुंचल्याने घासाव्या, खटका उघडा ठेवून वाफेच्या पेटीत घालावे. मिटलेल्या चिमट्याच्या आत वाफ शिरत नाही, आणि मग वरून लखलखीत दिसणारे हत्यार आतून मलिन राहते. जुन्या हत्यारांना लाकडाच्या व हस्तिदंताच्या मुठी असत. त्या उकळता येत नसत, म्हणून जंतूंचे ज्ञान झाल्यावर त्या गेल्या व सर्व हत्यार धातूचेच झाले. कोखर या बाबतीत फार कडक होते. त्यांची शस्त्रक्रिया पाहावयास येणाऱ्यांना प्रथम कंटाळा येई, कारण ते घाई मुळीच करीत नसत. पूर्वीच्या शस्त्रवैद्यांचा लौकिक मिनिटांवर मोजला जाई. यांनी वेळ लागो, पण रक्ताचा थेंब वाया जाऊ नये, असा नेम ठेवला.

हा नेम त्यांना कोठे सर्वांत अधिक उपयोगी पडला, तर गलगंडात. आल्प्स पर्वतातील खोऱ्यांत हा रोग घरोघर असे. (आपल्याकडे ज्याला गंडमाळ म्हणतात तो रोग निराळा.) गळ्याच्या पुढल्या भागी श्वासनळीला बिलगून एक ग्रंथी असते, तिला डॉक्टर थायरॉईड म्हणतात. तिला आपले काम करावयास आयोडिन नामक द्रव्य लागते. त्या डोंगरांच्या मातीत व पाण्यात ते नसल्यासारखेच होते, म्हणून ग्रंथी फुगत जाई. कोणाची लिंबाएवढी, कोणाची नारळाएवढी. श्वास कोंडे, अन्न उतरेना. ज्या आयांना हे द्रव्य फारच कमी मिळे त्यांची मुले कधी कधी जन्मतःच खुजी, बहिरी व मंदबुद्धी निपजत. अशा माणसांना तिकडे जे नाव होते ते मूळ ‘ख्रिस्ती’ या शब्दावरून आले, असे शब्दकोशकार सांगतात. कसाही असला तरी तोही आपल्यासारखा माणूसच आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुढे त्याच शब्दाची शिवी झाली.

या ग्रंथीला रक्ताचा पुरवठा इतका असतो की तिला सुरी लावावयास मोठमोठे शस्त्रवैद्य धजत नसत. १८६६ साली अमेरिकेतील ग्रॉस नामक प्रसिद्ध शस्त्रवैद्याने, कोणताही शहाणा माणूस या कामात पडणार नाही, अशा अर्थाचे लिहून ठेवले होते. कोखरांनी ते काम हाती घेतले, आणि १८८३ पर्यंत एकशे एक शस्त्रक्रिया केल्या. त्यांत शेकडा तेराच्या सुमारास रोगी दगावले. आज हा आकडा भयंकर वाटतो. त्या काळी तो आशेचा वाटला. ग्रंथी सुटी करून, एकेक वाहिनी चिमट्यात धरून व बांधून, अगदी कोरड्या जागेत ती ते समूळ काढून घेत. मागे काही राहत नसे. रोगी सुखरूप घरी जाई, गळ्यावर एक बारीक रेघ तेवढी राही.

येथे या चरित्रातील कठीण भाग येतो.

जानेवारी १८७४ मध्ये कोखरांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी अशीच समूळ काढली होती. जखम उत्तम भरली. परंतु जो डॉक्टर तिला घेऊन आला होता त्याला काही काळाने मुलगी बदललेली दिसली. पूर्वीची खेळकर मुलगी सुस्त, उदास व मंद झाली होती. त्याने हे कोखरांस कळवले. मात्र तेवढ्याने पुढे काही झाले नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती, कामाचा ढीग होता, आणि वर्षे लोटली. १८८२ च्या सप्टेंबरात जिनीव्हा येथे एका परिषदेत ज्याक रेव्हर्दें नामक शस्त्रवैद्य त्यांना भेटला. आपल्या दोन रोग्यांची ग्रंथी समूळ काढल्यावर त्यांची पुढे दुर्दशा झाली, असे त्याने सांगितले, आणि तुमच्या रोग्यांचे काय, हे विचारले. कोखरांपाशी उत्तर नव्हते. ते परत आले आणि ज्यांचे ज्यांचे गळे त्यांनी कापले होते, त्यांना त्यांनी पत्रे घातली की, येऊन भेटावे.

ज्याने यशाचा लौकिक मिळवला आहे त्याने आपल्याच हातचे काम पुन्हा उघडून पाहावे, हे किती जड आहे, याचा विचार वाचकांनी करावा. पत्रे न घालता कोणीही त्यांना दोष दिला नसता. रोगी खेड्यापाड्यांत विखुरलेले, गरीब. मूल मंद झाले तर ते नशिबाचे वा त्या खोऱ्यातील पाण्याचे म्हणून आईबाप गप्प बसले असते. बहुतेक बसलेच होते.

रोगी येऊ लागले. ज्यांच्या ग्रंथीचा काही भाग मागे राखला होता ते धडधाकट होते. परंतु जिची मुळासकट उचल झाली होती अशा ज्या अठरा जणांस त्यांनी स्वतः तपासले, त्यांपैकी सोळा जण बिघडलेले निघाले. तोंड सुजलेले, कातडी कोरडी व जाड, हातपाय थंड, बोलणे संथ, विचार त्याहून संथ. वाढत्या वयाची मुले होती ती वाढायची थांबली होती. ती अकरा वर्षांची मुलगीही आली, आता वीस वर्षांची. तिच्याबरोबर धाकटी बहीण होती. शस्त्रक्रियेपूर्वी या दोघी इतक्या सारख्या दिसत की ओळखताना लोकांची चूक होई. आता धाकटी सुरेख तरुणी झाली होती, आणि थोरली तिच्या खांद्यालाही न लागणारी, सुजलेल्या चेहऱ्याची, अजाण मुलीसारखी तिच्या शेजारी उभी होती. कोखरांनी हे चित्र छापून प्रसिद्ध केले.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिन येथे जर्मन शस्त्रवैद्यांची सभा भरली, तेथे कोखर उभे राहिले व त्यांनी हे सर्व सांगितले. रोगाचे नाव त्यांनी असे ठेवले की त्यातच कारण यावे. ग्रंथी काढल्याने आलेली क्षीणता, असा त्याचा अर्थ. कर्करोगासारखा नाइलाज नसेल तर ही ग्रंथी यापुढे समूळ काढणार नाही, असे त्यांनी जाहीर केले, आणि ते पाळले.

खरे बोलावयाचे तर या प्रकरणात त्यांची बाजू सर्वस्वी निर्मळ नाही. ही गोष्ट प्रथम ध्यानात आणून दिली रेव्हर्दें यांनी, आणि त्यांचे निवेदनही आधी प्रसिद्ध झाले होते. कोखरांनी आपल्या लेखात त्या गृहस्थास द्यावा तितका मान दिला नाही. यावरून पुढे दोघांत वितुष्ट आले. शिवाय कारण ओळखण्यातही ते चुकले. शस्त्रक्रियेने श्वासनळी अरुंद होते, रक्ताला हवा पुरत नाही, म्हणून ही दशा होते, असा त्यांचा तर्क होता. ग्रंथीचा रस शरीराला अन्नासारखा आवश्यक आहे, हे लंडनमधील सेमन यांनी सुचवले, तेव्हा प्रथम त्यांची थट्टा झाली. १८८८ साली तेथील एका समितीने ते खरे ठरवले. १८९१ साली मरी नामक इंग्रज डॉक्टरने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून असा एक रोगी बरा करून दाखवला. अशा रोग्यांना आज जी गोळी रोज सकाळी घ्यावयास सांगतात तिचा उगम तेथे आहे. कोखरांनी स्वतःही १८८३ मध्येच एका रोग्याच्या अंगात दुसऱ्याच्या ग्रंथीचा तुकडा बसवून पाहिला होता.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. बिलरोथ यांनीही अशा पुष्कळ ग्रंथी काढल्या होत्या, परंतु त्यांच्या रोग्यांना ही मंदता सहसा आली नाही. त्यांना दुसराच, हातपाय आखडण्याचा विकार होई. असे का, याचा विचार अमेरिकन शस्त्रवैद्य हॉलस्टेड यांनी केला. बिलरोथ झपाट्याने काम करीत. त्यांत ग्रंथीचा एखादा तुकडा मागे राहून जाई व तोच रोग्याला तारी, मात्र मागील बारीक ग्रंथींना इजा होई. कोखरांचा हात सावध, जागा कोरडी, चिमटे जागच्या जागी. म्हणून ग्रंथीचा कणही मागे उरत नसे. जो जितका नेटका, त्याच्या हातून तितके पूर्ण नुकसान झाले. चिमट्याने रक्त थांबवले. काय काढावे व काय ठेवावे हे चिमटा सांगू शकत नव्हता.

त्या सभेनंतर ते खचले नाहीत. उलट त्यांचे मोठे काम येथूनच पुढचे आहे. ग्रंथीचा भाग राखून शस्त्रक्रिया करण्याची रीत त्यांनी बसवली. गळ्याच्या वळीत आडवा छेद घ्यावा, म्हणजे व्रण झाकतो, ही तऱ्हा त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. कित्येकदा ते क्लोरोफॉर्म न देता कातडीत कोकेन टोचून काम करीत. रोगी जागा असे. आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक गलगंड त्यांच्या हाताखालून गेले, आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा तेरावरून अखेरीस शेकडा अर्ध्यावर आले. निखळलेला खांदा बसवण्याची त्यांची रीत सुप्रसिद्ध आहे. बंदुकीच्या गोळीने मांसाचे काय होते याचे प्रयोग करून त्यांनी १८९४ साली रोम येथे, कमी नासधूस करणाऱ्या गोळ्या वापराव्या, असे सैन्यांना सुचवले. लढाईच थांबवा म्हणावयाचे सोडून गोळी सौम्य करा म्हणावे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. पण जखमा शिवणाऱ्याने तेवढे तरी सांगितले.

१९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले शस्त्रवैद्य. १९१२ साली त्यांनी दोन लक्ष फ्रँक बर्नच्या विद्यापीठास संशोधनासाठी दिले. रशियातूनही रोगी येत. १९१३ साली लेनिनची पत्नी क्रुप्स्काया हिची थायरॉईडची शस्त्रक्रिया कोखरांनी केली. देव न मानणारे क्रांतिकारक पतिपत्नी एका भाविक म्हाताऱ्याच्या दारी आले, आणि त्याने इतरांप्रमाणेच त्या बाईचीही गाठ काढली.

२३ जुलै १९१७ च्या संध्याकाळी इस्पितळातून तातडीचे बोलावणे आले. कोखर पंचाहत्तर वर्षांचे होते. ते गेले, शस्त्रक्रिया केली, आणि परतल्यावर प्रकृती बरी वाटेना म्हणून अंथरुणास खिळले. तेथेही ते काही टिपणे लिहीत होते. २७ जुलै रोजी त्यांचे देहावसान झाले.

पाच वर्षांनी, १९२२ साली, स्वित्झर्लंडात मिठात किंचित आयोडिन घालून विकण्यास आरंभ झाला. पुढल्या पिढीच्या मुलांत गलगंड दिसेनासा होत गेला, आणि ज्या शस्त्रक्रियेत कोखरांचे आयुष्य गेले तिची गरज त्या खोऱ्यांत फार थोडी उरली. आपल्या देशात गलगंडनिर्मूलनाचे सरकारी काम १९६२ साली सुरू झाले. बाजारातून मिठाची पुडी आणताना तिच्यावर ‘आयोडिनयुक्त’ असे छापले आहे की नाही, हे मंडळीतील भगिनींनी पाहून घ्यावे, विशेषतः घरात गर्भार बाई असेल तेव्हा.